चेंबरमधले आमदार

मोशी, ८ डिसेंबर

चि. कुलदीपला आत्याचे आशीर्वाद.

फोन केला की तुझा पीए ‘साहेब अधिवेशनात आहेत’ म्हणतो, म्हणून थेट नागपूरच्या आमदार निवासावर लिहिते आहे.

माझ्या फाटकासमोरच्या चेंबरचं झाकण चोरीला गेलं. तुझ्या कार्यालयातून उत्तर आलं की ते महापालिकेचं काम, साहेब आता राज्य बघतात. नगरसेवक होतास तेव्हा गटार तुंबलं की पायजमा वर करून हजर व्हायचास. शेजारच्या शालनबाईंना एका डोळ्याने दिसत नाही. त्या पडू नयेत म्हणून मी चेंबरमध्ये दोन बांबू रोवून लाल फडकं बांधलं. तुझ्या कार्यकर्त्यांना आयते बांबू मिळाले. त्यांनी फडकं सोडून तुझ्या वाढदिवसाचा फ्लेक्स ताणला. सध्या तू हात जोडून गटारात उभा आहेस. शालनबाई म्हणतात, निवडून आल्यापासून हा गल्लीत पहिल्यांदाच इतका वेळ थांबलाय.

चाकणच्या ट्रकांवर सभागृहात बरा बोललास. पोक मात्र काढू नकोस. आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरनी बाकावर उभं केलं असतं.

लोभ आहेच, वाढवायचा तर झाकण पाठव.

नीलाआत्या


नागपूर, १२ डिसेंबर

ती. आत्यास सा. नमस्कार.

पत्र वाचून हसलो, मग विरोधकांनी फोटो काढला तर, या विचाराने घाम फुटला. फ्लेक्स आजच काढायला सांगतो. झाकणासाठी आयुक्तांना पत्र देतो. आत्या, आता मला प्रत्येक चेंबरवर जाता येत नाही, एवढं समजून घे.

रागावलीस तरी आशीर्वाद चालू ठेव.

कुलदीप


मोशी, १५ डिसेंबर

चि. कुलदीपला आशीर्वाद, थोडे कमी.

फ्लेक्स काढायला पोरं आली होती. मी हात लावू दिला नाही. तू निघालास तर शालनबाई आत जातील. झाकण आलं की साहेब उतरतील, असं सांगून परत पाठवलं. विरोधकांचा एकजण फोटो काढायला आला होता. उन्हात उभा होता बिचारा, चहा दिला.

नीलाआत्या


मोशी, २३ डिसेंबर

चि. कुलदीपला पूर्ण आशीर्वाद.

रविवारी तू जुन्या मुकादम खंडूला घेऊन आलास, पायजमा वर केलास आणि झाकण बसवलंस. शालनबाईंनी त्यावर पाय आपटून खात्री केली. तू चहा न घेता पळालास, ते मात्र शोभलं नाही.

आज त्याच बांबूंवर, भिंतीला टेकवून, नवा फ्लेक्स लागलाय. झाकणाबद्दल तुझे आभार, आणि कोपऱ्यात ‘मार्गदर्शक’ म्हणून मी. फोटो तुझ्या बायकोने, तनुजाने दिला म्हणे, मला न विचारता. असल्या फ्लेक्सनी शहर विद्रूप होतं, हे मी आजवर शंभरदा सांगितलंय. कात्री घेऊनच बाहेर आले.

फोटो माझ्या निवृत्तीच्या समारंभातला आहे. निळी साडी. बरा आलाय.

आठवडाभर राहू दे.

नीलाआत्या