हौगांगचा अस्सल आयरिश

१ फेब्रुवारी, रविवार. सकाळ.

आज आयर्लंडमध्ये संत ब्रिजिडचा दिवस. तिथला वसंत सुरू. इथे सिंगापूरच्या हौगांगमध्ये बत्तीस डिग्री. तरी मी स्वेटर घालून नाश्ता केला. अश्लेषा म्हणाली, पा, you siao ah? चौदा वर्षांची मुलगी बापाला वेडा म्हणते. तिचा जन्म डब्लिनचा आहे, हे तिला सांगून खरं वाटत नाही.

संकल्प :
१. रोज वीस मिनिटं आयरिश भाषा. अ‍ॅप डाउनलोड केलं.
२. रोज अर्धा तास टिन व्हिसल, म्हणजे आयरिश पावा.
३. आयर्लंडला कोणी UK म्हटलं तर तिथल्या तिथे सुधारायचं. भिडस्तपणा बंद.
४. १५ मार्चच्या सेंट पॅट्रिक परेडमध्ये झेंडा घेऊन पुढे चालायचं.

अकरा वर्षं डब्लिनमध्ये काढली. २०१६ साली नागरिकत्वाची शपथ घेतली. न्यायाधीशबाई म्हणाल्या होत्या की आजपासून हे घर तुमचं. चिंचवड सोडल्यापासून मला असं कोणी म्हटलं नव्हतं. मी तिथेच रडलो. सिंगापुरात काय, माझ्यासारखे मराठी फायनान्सवाले प्रत्येक लिफ्टमध्ये दोन. पण त्यात आयरिश मी एकटा.

३ फेब्रुवारी, मंगळवार.

हार्बरफ्रंटच्या ऑफिसात लीगलला डेक्लन म्हणून सॉलिसिटर आहे. आयर्लंडमधल्या कॉर्कचा. त्याला लिफ्टमध्ये आयरिशमध्ये नमस्कार केला : दीआ ग्विट. तो म्हणाला, सॉरी? मी पुन्हा म्हणालो. त्याने सांगितलं की शाळा सुटल्यापासून त्याने आयरिशचा एक शब्द उच्चारलेला नाही, आणि शाळेतही फक्त टॉयलेटला जायची परवानगी मागण्यापुरता. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते हेच. त्याच्या डेस्कवर चक्क इंग्लिश फुटबॉल क्लबचा मग आहे. याला सुधारायला हवं.

अ‍ॅप : आज जमलं नाही. उद्या चाळीस मिनिटं.

८ फेब्रुवारी, रविवार. दुपार.

उल्काने पुन्हा तो फॉर्म काढला. दरवर्षीचं नाटक. नियम असा की आमच्यासारखे, म्हणजे जन्माने नव्हे तर शपथ घेऊन झालेले आयरिश, देशाबाहेर राहत असतील तर त्यांनी दरवर्षी लिहून द्यायचं की मला आयरिश राहायचं आहे. वकिलासमोर सही. सलग सात वर्षं दिलं नाही तर नागरिकत्व रद्द करू शकतात.

मी एकदाही भरलेला नाही. भरणारही नाही. मला आयरिश राहायचंय का, हा प्रश्नच अपमानास्पद आहे. डेक्लनला विचारतात का? उल्काने दरवर्षी न चुकता भरला. म्हणजे तिला दरवर्षी शंका आली. मला एकदाही आली नाही.

तिला विचारलं, प्रेम आहे हे बायकोला दरवर्षी सही करून द्यावं लागतं का? ती म्हणाली की दिलंस तर माझी हरकत नाही.

शिवाय घाई कसली. १८ मार्च २०१९ ला डब्लिन सोडलं. सात वर्षं व्हायला अजून महिना आहे. ती म्हणाली, तारीख पासपोर्टवर बघ. ती तारीख माझ्या काळजावर आहे, पासपोर्ट कशाला? सेंट पॅट्रिक डेचा दुसरा दिवस, विमानतळावर रिमझिम, अश्लेषा शेजारच्या आजीच्या गळ्यात पडून रडतेय, आणि मी बाजूला उभा राहून डोळे पुसतोय. हा प्रसंग मी ऑफिसच्या तीन टाउनहॉलमध्ये सांगितला आहे. दोन वेळा टाळ्या.

११ फेब्रुवारी, बुधवार.

वरुणने अजून ऑफिसचं annual declaration, म्हणजे दरवर्षीचं हमीपत्र, भरलेलं नाही. आमच्या अख्ख्या कंप्लायन्स टीममध्ये हा एकटाच. त्याचं म्हणणं, मागच्या वर्षीपासून काहीच बदललेलं नाही, तर पुन्हा कशाला लिहून द्यायचं? त्याला केबिनमध्ये घेऊन सुनावलं की प्रश्न बदलाचा नसतो, सहीचा असतो. सही नाही तर तू नाहीस. पालथ्या घड्यावर पाणी. पुढच्या पिढीला कागदाचं गांभीर्यच नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार.

बटाटे फक्त उकडून, वर लोणी आणि मीठ. आयरिश पद्धत. फोडणी म्हणजे बटाट्यावर दाखवलेला अविश्वास, असं मी टेबलावर सांगितलं. उल्काने उरलेल्या बटाट्यांना हिंग-मोहरीची फोडणी दिली. घरात वाद नकोत म्हणून मी तीही भाजी खाल्ली. दोनदा.

मंडळाचा शैलेंद्र फोनवर होता. वकील आहे, नोव्हेनाला ऑफिस, जगाला पुरेल एवढा उत्साह. पाडव्याच्या कार्यक्रमाचं निवेदन कराल का म्हणाला. त्याला शांतपणे सांगितलं की मार्च महिन्यात मी आयरिश असतो. तो हसला आणि म्हणाला, बरं, एप्रिलमध्ये काही असलं तर कळवतो. टोमणा होता की काय, कळलं नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार.

चायनीज न्यू इयरची सुट्टी. व्हिसलची प्रॅक्टिस. वरच्या मजल्यावरच्या आंटी संत्र्यांची पिशवी घेऊन आल्या. मला वाटलं, कौतुक. त्यांनी उल्काला हळूच विचारलं की सणाच्या दिवसांत घरात कोणी आजारी आहे का, सकाळपासून विव्हळण्याचा आवाज येतोय. आयरिश संगीतात आर्तता असतेच. प्रॅक्टिस आता दर रविवारी. (संकल्प २ मध्ये दुरुस्ती.)

२७ फेब्रुवारी, शुक्रवार.

हॉकर सेंटरच्या कॉफीवाल्या अंकलने विचारलं, you last time stay UK, is it? रांग थांबवून त्याला आयर्लंडचा आठशे वर्षांचा इतिहास दिला. तो म्हणाला, okay okay, kopi you want or not? मागच्या माणसाने त्याची ऑर्डर माझ्या खांद्यावरून दिली. स्वातंत्र्याला विरोध हा असा दैनंदिन असतो.

अ‍ॅपने रडणाऱ्या पक्ष्याचं चित्र पाठवलं. मला विसरलास का, असं लिहिलंय. अ‍ॅप डिलीट केलं. भाषा रक्तात असावी लागते, फोनमध्ये नव्हे.

९ मार्च, सोमवार.

उल्का रोज आठवण करते. म्हणते, तुझ्या या मानापमानात एक दिवस पासपोर्ट जाईल. मग युरोपला जाताना आम्ही दोघी एका रांगेत आणि तू दुसऱ्या. मी म्हणालो, जाऊ दे! देश मनात असतो. ती म्हणाली की इमिग्रेशनवाले मन उघडून बघत नाहीत.

मी ठाम आहे. झुकणार नाही.

१५ मार्च, रविवार. संध्याकाळ.

परेड झाली. लिहू की नको असं झालंय. लिहितो.

हिरवा कुर्ता, हिरवी टोपी, स्वखर्चाने आणलेला तिरंगा (आयरिश). नदीकाठी नऊलाच हजर. रजिस्ट्रेशनच्या टेबलावर लाल केसांची एक मुलगी. छान हसली. अश्लेषाला विचारलं, कुठली? अश्लेषा बबल टी पीत म्हणाली, born Dublin lah. तिला लगेच हिरवा पट्टा, पहिली रांग. माझ्याकडे वळून त्या मुलीने तितक्याच प्रेमाने एक बिल्ला दिला. त्यावर लिहिलं होतं : फ्रेंड्स ऑफ आयर्लंड.

मी सांगितलं की मी फ्रेंड नाही, मी नागरिक आहे. ती म्हणाली, ऑफकोर्स! आणि बिल्ला स्वतः लावून दिला. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, तशी वेळ. पासपोर्ट घरी होता. फ्रेंड्सचा गट सर्वांत शेवटी, पाण्याच्या गाडीच्या मागे. माझ्या शेजारी एक जपानी गृहस्थ होते. त्यांना आयरिश घोडे आवडतात. पुढे पहिल्या रांगेत डेक्लन, इंग्लिश क्लबच्या जर्सीत. त्याला कोणी काही विचारलं नाही.

फार लागलं. घरी येऊन बाथरूममध्ये जरा वेळ बसलो.

निर्णय : फॉर्म भरणार. माघार नव्हे ही. पुरावा हातात असलेला बरा, आणि तो तोंडावर फेकता आला पाहिजे.

१६ मार्च, सोमवार.

उल्का म्हणते, आजच शैलेंद्रकडे जा, पाच मिनिटांचं काम. छे! आयरिश निष्ठेच्या कागदावर साक्षीदार आयरिशच हवा. डेक्लन सॉलिसिटर आहेच. आणि दिवसही तसाच हवा. उद्या सेंट पॅट्रिक डे. याहून चांगला मुहूर्त पंचांगात नाही. १८ ची मुदत, १७ ला सही. एक दिवस राखून. माझं प्लॅनिंग असं असतं.

१७ मार्च, मंगळवार.

डेक्लन रजेवर. टीममधल्या मुलीने आश्चर्याने विचारलं, आज सेंट पॅट्रिक डे आहे, तुम्हाला माहीत नाही? आज कुठला आयरिश माणूस ऑफिसला येतो?

हिरवा टाय घालून अख्ख्या मजल्यावर मी एकटाच कामावर. डेक्लनला सहा मेसेज टाकले. चार वाजता उत्तर आलं : काळ्या बिअरचे तीन ग्लास, फोटो. खाली, गुरुवारी भेटू.

१८ मार्च, बुधवार. दुपार.

सकाळी साडेआठला नोव्हेनाला, शैलेंद्रकडे. काही कुत्सित बोलला नाही, चहा मागवला. मी त्याला विमानतळाचा प्रसंग सांगितला, म्हणजे आजच्या तारखेचं महत्त्व कळावं. तो पासपोर्ट चाळत ऐकत होता. मग एका पानावर थांबला. म्हणाला, निशिकांतजी, सिंगापूरचा शिक्का ६ जानेवारी २०१९ चा आहे. त्यानंतर आयर्लंडमध्ये शिरल्याची काही खूण आहे का?

मी म्हणालो, काहीतरी चूक आहे. उल्काला फोन लावला, स्पीकरवर. ती शांतपणे म्हणाली की तू जानेवारीत पुढे आलास, नोकरी जॉइन करायला. आम्ही दोघी शाळेची टर्म उरकून मार्चमध्ये निघालो. रडारड झाली ती मी तुला फोनवर सांगितली. तू त्या दिवशी चांगीला आम्हाला घ्यायला आला होतास. तेही चुकीच्या टर्मिनलवर.

मी विचारलं की मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? ती म्हणाली, तू फार छान सांगायचास रे. शिवाय तारीख पासपोर्टवर बघ म्हणून सांगितलं होतं.

म्हणजे सात वर्षं ६ जानेवारीलाच भरली. मी स्वेटर घातला त्याच्या आधीच.

शैलेंद्र म्हणाला, घाबरू नका, रद्द करू शकतात असं आहे, करतातच असं नाही. सोबत एक पत्र जोडू. मी म्हणालो, कारण मी लिहितो, मला भरपूर सांगायचंय. त्याने कागद दिला. मी शपथविधी, आठशे वर्षं, टिन व्हिसल, उकडलेले बटाटे, सगळं लिहिलं. साडेतीन पानं. त्याने चष्मा काढून पूर्ण वाचलं, नीट घडी करून मला परत दिलं. म्हणाला, हे घरी ठेवा. पत्रात वजन पडेल अशी एकच गोष्ट आहे.

त्यासाठी अश्लेषाला शाळेत मेसेज करून तिच्या जन्मदाखल्याचा फोटो मागवला. मधल्या सुट्टीत उत्तर आलं : Can lah Pa. Don't cry ah.

मग शैलेंद्रने टाइप केलं, मी खाली सही केली. आयर्लंडशी अर्जदाराचा संबंध : एका आयरिश मुलीचे वडील.