पाठीमागे ओढणारी सॅक

बाबा, तुमची मोठी लेन्स आता नाही. डांगच्या जंगलातल्या एका उतारावर, बांबूच्या जाळीत कुठेतरी तिच्या काचा पडल्या असतील. ती कशी गेली, ते सांगायला बसले आहे.

माझ्या पहिल्या मोठ्या ट्रेकआधी सुभानपुऱ्याच्या आपल्या घरी, स्वयंपाकघरात तुम्ही माझी सॅक उपसली होतीत. आधी वजनकाट्यावर नुसते उभे राहिलात, मग सॅक पाठीवर घेऊन, आणि आकडा बघून सॅक पुन्हा खाली ठेवलीत. आईचे थेपले तसेच राहू दिलेत, ट्रायपॉड मात्र बाहेर काढलात. "फोटो काढायला चालली आहेस की स्टुडिओ थाटायला?" मी रुसले. तुम्ही कॅमेरा आणि लेन्स कपड्यांत गुंडाळून मधोमध, पाठीला चिकटतील अशा बसवल्यात. बाहेर लटकणारं वजन माणसाला ओढतं, म्हणालात.

गेल्या हिवाळ्यात हेच मी लेकीला सांगितलं. तिने मान हलवली आणि ट्रायपॉड सॅकच्या बाहेर, एका बाजूला बांधला. पक्षी दिसल्यावर सॅक कोण उघडत बसणार, असं तिचं म्हणणं. दोन मुक्कामांची वाट होती. तंबू, शिधा, पाणी, शिवाय तुमची लेन्स. दुसऱ्या दिवशी ती एका अंगाला कलून चालत होती. थोडं सामान मला दे, म्हटलं. "चालशे, मम्मी," तिच्या गुजरातीत म्हणाली, चालेल म्हणून.

मग ती अरुंद पायवाट येते. लेक पुढे, मी मागे. वळणावर ट्रायपॉड खडकाला अडतो, सॅक फिरते आणि माझ्यासमोरची मुलगी नाहीशी होते. वाकून बघते तर ती खाली उताणी, एका झुडपाला धरून, आणि सॅक तिला हळूहळू खाली ओढते आहे. मी पोटावर आडवी झाले, तिचं मनगट धरलं.

"कमरेचं बकल काढ. मग खांदे मोकळे कर. सॅक जाऊ दे."

"मम्मी, आजोबांची लेन्स आहे."

"जाऊ दे म्हणते ना."

तिने झुडूप सोडून बकल काढलं, मग एकेक खांदा मोकळा केला. सॅक गेली. बराच वेळ खालून आवाज येत राहिला. तिचं कोपर सोलवटलं होतं, बाकी काही नाही. परतताना ती लेन्ससाठी रडली. मला रडूही आलं नाही. खालचं गाव दिसेपर्यंत मी तिच्या शर्टाचं टोक सोडलं नाही.

आता ती पुन्हा निघाली आहे, उत्तराखंडात, आठवडाभरासाठी. नवी लेन्स हलकी आहे, ट्रायपॉड घरीच राहणार आहे. सॅक मी स्वतः उचलून पाहिली. तुम्हालाही नाव ठेवता आलं नसतं. तरी रात्री उठून मी ती पुन्हा उचलून पाहिली. "तू पण चल ने," ती म्हणाली. गुडघा दुखतो, म्हणाले. संध्याकाळी तिने मलम आणून दिलं.

तुम्ही गेल्यावर हे पत्र कुठे पाठवणार? तिच्या मागून तशा वाटेवर पुन्हा चालायचा धीर होत नाही, हे तिला सांगवत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. गुडघ्याला काही झालेलं नाही, बाबा. मलम मात्र मी रोज तिच्यासमोर चोळते.