दादाची बिनरंगाची गाडी

२३ सप्टेंबर, नांदेड
झटक्यानं लुळा पडलेला दादाचा उजवा हात अजून तसाच. बोलणं सुधारलं, जड येतं एवढंच. डॉ. म्हणाले, दसऱ्यानंतर सोडू. जीभ वळायला लागल्यावर पहिली चौकशी कुणाची, तर "मंगे, गाडी?" मी सख्खी बहीण, दवाखान्यात चटईवर झोपतेय, ते राहिलं बाजूला. म्हटलं, हाय आमच्या गोदामात, ताडपत्रीखाली. कुठं जाईल?

२५ सप्टें.
आज नर्सला गाडीचं पुराण. निम्मे शब्द गिळून, पण सांगायचंच. साठेक वर्षांमागं अमेरिकेतल्या कंपनीनं पाव मैलाच्या सरळ शर्यतीपुरत्या थोड्याच गाड्या काढल्या. मागची सीट नाही, काचा पातळ, दारांचा पत्रा तेजाबात बुडवून झिजवलेला, वजन कमी व्हावं म्हणून. आणि रंगच नाही! नुसतं करडं प्रायमर, रंगाखालचं अस्तर. घेणाऱ्यानं आपल्या मनानं रंगवायची. सगळ्यांनी रंगवल्या, दादाची तेवढी तशीच राहिली. "कंपनीतल्या माणसाचा... हात... अजून आहे तिच्यावर." नर्स बिचारी हं हं करत सलाईन बघत होती.

उभा जन्म तिकडं काढला. वहिनी गेल्यावर घर विकलं, सामान वाटून टाकलं आणि येताना आणलं काय, तर हे धूड. तेव्हा लई राग आलेला. आता वाटतं, आयुष्यात एकच वस्तू हट्टानं जपली त्यानं. असू दे.

२८ सप्टें.
दादा रोज फोटो मागतोय. ह्यांना फोन केला, ताडपत्री काढून एक फोटो पाठवा. परवा म्हणे गोदामात लाइट नाही. काल मोबाइल चार्जिंगला. आज, "अगं सणाची साफसफाई करून राहिलो, बघू की." सोयाबीनचे ढीगभर फोटो व्यापाऱ्यांना बरे जातात! फोन आपटला.

१ ऑक्टो., लातूर
खंडेनवमी. थोरल्या लेकाला दादाजवळ बसवून पहिल्या एसटीनं आले. गोदामात सगळं धुऊन मांडलेलं. वजनकाटा, टेम्पो, ह्यांची स्कूटर, सगळ्यांना हळदी-कुंकू, झेंडूचे हार. नवमीला टेम्पोवर रंगाचा हात फिरतो, सासऱ्यांपासूनची रीत.

ह्यांनी माझे डोळे झाकून आत नेलं. ह्या वयात! हात काढला.

लाल. लालभडक. आमच्या टेम्पोचाच लाल. मागं पिवळ्या अक्षरांत 'आईवडिलांचा आशीर्वाद'.

"आधी सगळं घासून काढलं बघ. जुनं खरबरीत कणभर ठेवलं न्हाई. पाहुण्याची गाडी सणाला उघडी-बोडकी ठेवायची व्हय? दादांना लई आनंद होईल." दारात पोचा पडलाय. "गफूर पेंटरचा नुसता गुडघा टेकला गं, पत्रा कागदासारखा निघाला." पॉलिश पेपर स्वतः घासत होते म्हणे. कंबर धरलीय, नखांत लाल रंग.

मी पदर डोळ्यांना लावला. ह्यांना वाटलं, आनंदानं.

२ ऑक्टो.
दसरा. सोनं वाटलं, पाया पडून घेतलं. ह्यांना सांगायचं म्हणून दोनदा तोंड उघडलं. हा माणूस लग्नापासून माझ्या माहेराला कधी वाईट शब्द बोलला नाही. काय सांगू, की तुम्ही... धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

गफूरला एकटा गाठला. म्हटलं, हे काढून पहिल्यासारखं होईल का रे? "करडा मारून देतो की ताई, लगेच." त्याचं काय चुकलं? करडा रंग कुठंही मिळतो.

४ ऑक्टो., नांदेड
दादा: "फोटो?" म्हटलं, आता घरी येऊनच बघ. हसला. हसताना तोंड अजून एकीकडं जातं. डॉ.ना विचारलं, ह्याला एखादी वाईट बातमी सांगितली तर? "शक्यतो नको, मावशी. बीपी चढतं." झालं मग. बाथरूममध्ये नळ सोडून रडून घेतलं.

ह्यांचा फोन, "शटर पाडून ठेवलंय. आले की त्यांच्याच हातानं उघडू." हाव म्हटलं. दुसरं काय म्हणणार!

७ ऑक्टो., लातूर
सोडलं. दादा म्हणाला घरी नको, आधी गोदाम. खुर्चीत बसवून दारापाशी नेलं. ह्यांनी दादाचा डावा हात शटरला लावला आणि वर ओढलं. मी हमालांच्या मागं उभी.

दादानं बघितलं. बराच वेळ बघितलं. हे एकदा गाडीकडं बघतायत, एकदा दादाकडं.

"छान," दादा म्हणाला. "नवी घेतली, दाजी?"

हे हसले.

"माझी कुठं ठेवली?"

ह्यांचं हसू गेलं. माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली, त्यातच ह्यांना कळलं असावं. शटर तसंच उघडं टाकून आत पोत्यावर जाऊन बसले.

८ ऑक्टो.
डॉ.ना फोन केला. म्हणाले, विसर पडू शकतो, नसेलही पडला. दादाला माझ्या लग्नातला आचारी नावानिशी आठवतो. मग गाडी ओळखली नाही, की ओळखून ह्यांना सांभाळून घेतलं? विचारायची छाती होत नाही. हे कालपासून जेवले नाहीत. "एवढं शिकलेली तू, एक शब्द बोलायचीस की," एवढंच म्हणाले. मी कधी बोलणार होते? घासून झाल्यावर?

आत्ता दादाला चहा दिला. कप डाव्या हातात धरून, अगदी शांतपणे: "मंगे, माझी बघून आलीस?"

"आले," म्हटलं.

"कशी आहे?"