उजेडाचं माहेरपण

२१ सप्टेंबर १९८७, सोमवार

परत गळला!

काचेच्या तंतूंची आमची नवी टेलिफोन केबल थंड पेटीत ठेवली, पारा शून्याखाली गेला आणि मीटरचा काटा बसला खाली. या टोकाने घातलेला उजेड त्या टोकाला पोचतच नाही. काच शाबूत, नळी शाबूत — मग जातो कुठे मेला?

सबनीससाहेब एवढंच म्हणाले, "ऑक्टोबरअखेर सरकारी तपासणी. नापास झालो तर हा विभाग बंद. सगळे परत तांब्यावर."

तांब्याच्या टेलिफोन केबलीत मी वर्षं काढली आहेत. परत नाही जाणार. जीव गुदमरेल माझा.

२४ सप्टेंबर

दुपारभर काचेचा तंतू हातात घेऊन बसले. केसाहून बारीक. एका टोकाने लाल उजेड सोडला आणि बोटाला वेढा दिला, तर वळणावर लाल ठिपका उमटला. तिथून गळतो तो! सरळ असला की आतल्या आत गुपचूप धावत राहतो.

किती वेळ बघत होते कोण जाणे. वाटलं, मीच आत आहे. मुलुंडच्या कारखान्यातून निघाले, घाट उतरले, खाड्या ओलांडल्या, आणि सावंतवाडीला मावशी अंगणात भात वाळवतेय तिथं उजेडातून जाऊन "मावशी गं" म्हटलं. ट्रंक कॉल नको, ओरडणं नको.

"मॅडम, खंय गेलात?" मशीनवरचा धोंडिराम. समोरचा चहा गार.

"सावंतवाडीक," म्हटलं. केवढा हसला!

२८ सप्टेंबर

सगळं डिझाइन म्हणजे काय? तंतू नळीत सैल. अशा सहा नळ्या पोलादी तारेभोवती पिळलेल्या. वर काळं वेष्टण. तंतू फार सैल असला तर वाकतो, ताणला तर तुटतो. किती सैल ठेवायचा, एवढाच प्रश्न. कागदावर दर वेळी बरोबर येतो!

३० सप्टेंबर

त्याच डिझाइनच्या आणखी एका नमुन्याच्या नळ्या आज ओतून झाल्या. उद्या सकाळी पिळायच्या.

उद्या खंडेनवमी. साहेब म्हणाले, "विभागात बाई तुम्ही एकट्याच. पूजेचं बघा." बरं म्हटलं.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

वाट लागली!!

आमच्या घरी आंघोळ झाली की आई आधी विळीला, शिवणयंत्राला, भाऊंच्या पान्या-पकडीला हळदकुंकू लावते. मीही कारखान्यात पोचल्या पोचल्या पीळ मशीनला लावलं, झेंडूची माळ घातली. छान दिसत होतं.

धोंडिराम आला नि दारातच थबकला. "मॅडम, हळदकुंकू लागला मशीनीक. आता दसरो जाल्याशिवाय मी हात लावचंय नाय."

इथं पूजा संध्याकाळी असते, काम संपल्यावर! मला कोणी सांगितलंच नाही. साहेब लालबुंद. दुसरा कोणी पुढे येईल तर शपथ! नळ्या तशाच रिळांवर पडून राहिल्या. बाथरूममध्ये जाऊन रडले. हातांना झेंडूचा वास येत राहिला.

३ ऑक्टोबर

दसरा झाला. आज नळ्या पिळल्या. साहेब बोलत नाहीत माझ्याशी.

८ ऑक्टोबर

पास!

पारा शून्याच्या कितीतरी खाली, आणि काटा जागचा हलला नाही. तेच डिझाइन, तीच माणसं. मला नाचावंसं वाटत होतं. साहेबांनी चक्क पेढे मागवले. पण हे झालं कसं?

१० ऑक्टोबर

कळलं! कालच्या ताज्या नळीचा तुकडा मोजून खिडकीत ठेवला होता. आज परत मोजला — आखडलाय!

कोरं कापड आखडतं तसंच. म्हणून तर आई ते आधी भिजवते, वाळवते, मग बेतते. नळी आखडते, आतली काच आखडत नाही. रिळावर नळी मोकळी असली की तंतू टोकाकडे सरकून घेतो. आम्ही ताजीच पिळायचो, मग त्याला सरकायला वाव नाही. आत मुडपतो, थंडीत आणखी मुडपतो, आणि उजेड गळतो.

दसऱ्यानं नळ्यांना विश्रांती मिळाली. बस्स, एवढंच! घाटकोपरला उतरून घरापर्यंत चालत आले, पाय जमिनीवर नव्हतेच.

१२ ऑक्टोबर

साहेबांना सगळं सांगितलं, माप दाखवलं.

"नळ्यांना विश्रांती? अहो, हा कारखाना आहे, माहेर नव्हे! एकदा पास झाली म्हणजे डिझाइन बरोबर. झेंडूमुळे पास झाली असं लिहू का सरकारला?"

तपासणी ठरल्यापेक्षा अलीकडे आणली आहे. तपासणीच्या केबलच्या नळ्या आज ओतल्या. उद्या सकाळी पिळायच्या, हुकूम! दोन दिवस थांबलं तरी वेळेत होईल, म्हटलं. ऐकतंय कोण? नापास होणार. डोळ्यांदेखत नापास होणार, आणि मी तांब्यावर. इतका राग आलाय ना!

आईनं विचारलं, "नलू, जेवत का नाहीस?" म्हटलं, "आई, तुझी हळदकुंकवाची डबी कुठंय?"

१३ ऑक्टोबर, मंगळवार

आज कुठलाच सण नाही. सगळ्यांच्या आधी पोचले.

धोंडिराम आला. मशीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. चपला काढल्या, मशीनला नमस्कार केला आणि चहाला निघून गेला.