सुटी लागली म्हणायचं

जोहे, आदिवासीवाडी
ता. ९ ऑक्टोबर

प्रिय स्वपू,

ताईचा तुला मोठा पापा. आम्ही इकडे बरी आहोत, तूही होस्टेलात बरी असशील. नसलीस तरी "बरी हाय" असंच सांगशील, तुझा स्वभाव मला काय ठाऊक नाय?

पत्र बघून हसू नको. फोन बाच्या खिशात असतो आणि तो स्पीकर लावल्याशिवाय बोलत नाय, अख्खी वाडी ऐकते. पुतळीमावशी आईला बघायला आलीय. उद्या ती तुमच्या होस्टेलच्या स्वयंपाकाला रोह्याला परत जाईल, तिच्या पिशवीत हे घालतेय.

आईची कंबर तशीच. खाली बसली की उठवायला हात द्यावा लागतो. डॉक्टर म्हणाले, ओझं उचलायचं नाय. आई म्हणते, मग काय आरशात बघत बसू? म्हटलं, बस की!

माझं कारखान्यात झकास चाललंय. गणपती गेले तरी शेठनी मला काढलं नाय, माघी गणपतीच्या मूर्ती सुरू हायेत. शेठ म्हणाले, "वनिता, तुझा हात चांगला हाय. दिवाळीनंतर आखणीला बस." आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचे गो! आपल्या वाडीतल्या बायांनी माती मळायची, नायतर मूर्ती घासायच्या. डोळ्यांना कोणी हात लावू दिलाय आजवर? दोन दिवस माझे पाय जमिनीवर नव्हते.

शेठची मृणाली पण तुझ्यासारखी दहावीला. शाळेतून आली की बसने पेणला क्लासला जाते. दिवाळीत पण जाणार, कंटाळलीय बिचारी. मला विचारते, तुझ्या बहिणीचे गणिताचे सर कसे शिकवतात? म्हटलं, छान. जूनपासून तुम्हाला गणिताला सरच नायत हे काय तिला सांगायचं! तिच्याकडे दोन गाईडं होती, त्यातलं एक तुला दिलंय, मावशीकडून घे. मला राग येतो. तिचा नाय, पोरगी चांगली हाय. कोणाचा ते कळत नाय. बोर्डाचा पेपर मात्र दोघींना एकच येणार.

आता मुद्द्याचं. मावशी आली तेव्हा वीटभट्टीचा मुकादम अंगणात बसलेला. मावशी आपली भोळी, बोलून गेली, "स्वपूची शाळा सुटतेय आता, येईल घरी." आपल्याकडे सुटी लागली तरी शाळा सुटली, आणि कायमची बंद झाली तरी शाळा सुटलीच. मुकादमाने त्याला हवं ते ऐकलं. "सुटली ना? झालं तर मग. आईच्या जागी तिला घ्या, जोडी पुरी झाली." भट्टीवर जोडीच लागते, एकट्याला घेत नायत; आईची कंबर गेली, तर बा एकटा उरला. बा गप्प. तो गप्प बसला की सगळे हो समजतात.

मला माझंच आठवलं. आठवीत दिवाळीला आले तेव्हा मीच अंगणात हौसेने ओरडलेले, "शाळा सुटली!" तेव्हाही हाच मुकादम बसलेला. भट्टीवरून परत आले तेव्हा परीक्षा होऊन गेलेली. मला शाळेतून कोणी काढलं नाय, कोणी रागावलं पण नाय. सुटली, बस.

म्हणून मी मधे पडले. म्हटलं, "तिची सुटली नाय. दहावीला यंदा सुटीच नाय, जादा तास हायेत." धडधडीत खोटं. मुकादम म्हणाला, "मग दुसरं माणूस कोण?" ते झालं ठरवून, तू डोकं शिणवू नको.

तू काय करायचं ते नीट वाच. दिवाळीला घरी येऊ नको. होस्टेल बंद झालं की मावशीबरोबर निडीला तिच्या घरी राहा, ती हो म्हणालीय. आणि तिकडे कोणी विचारलं तर "शाळा सुटली" म्हणायचं नाय. "सुटी लागली" म्हणायचं. हसतेस काय? पाठ कर.

आईला जादा तास खरेच वाटतात. काल विचारत होती, "एक दिवस पण नाय का गो सोडणार तिला?" मी उठून पाणी भरायला गेले.

मावशीला तू खोदून खोदून विचारशीलच, म्हणून मीच सांगते. दुसरं माणूस मी. तुळशीचं लग्न झालं की निघू. आई पण येतेय, चुलीपुरती. शेठना अजून बोलले नाय, तोंडच होत नाय. आखणी कुठे पळून जात नाय असं मी बाला सांगितलं. पण शेठ काय माझ्यासाठी जागा रिकामी ठेवतील? दुसरी कोणी बसेल. रडले मी, लपवत नाय. पण ताईने माझ्यासाठी केलं, ताईने केलं, असं डोक्यात घेऊन अभ्यासाला बसू नको, नायतर सगळी गणितं चुकवशील. मला विटा थापता येतात, तुला गणित येतं, एवढंच धर.

तुळशीच्या लग्नानंतर उत्तर घरी पाठवू नको, दाराला कुलूप असेल.

तुला बघायचंय गो, जाम बघायचंय. येऊ नको.

तुझीच,
वनिताताई