रडणारा राइट बॅक

८ जानेवारी
निवृत्तीला महिना झाला. आजपासून पहाटे धावायचं ठरवलं होतं. बाहेर दंव होतं. उद्यापासून.
आज मात्र चमत्कार. निरोपाच्या दिवशी मैदानावर मी जरा भावुक झालो होतो, तो व्हिडिओ म्हणे लाखो लोकांनी पाहिला. चौदा वर्षं फुटबॉलमध्ये राइट बॅक खेळलो, तेव्हा कुठे होते हे सगळे? असो. उशिरा का होईना, जपानला माझी किंमत कळली.

९ जानेवारी
मुलगी कोतोहा म्हणाली, "बाबा, ते तुमचा खेळ नाही बघत. तुमचं नाक बघतायत." व्हिडिओ थांबवून दाखवला. तोंड वाकडं, नाकाखाली ओघळ. सोमवार उजाडला की लोक एकमेकांना हाच फोटो पाठवतात. करी करपली तरी पाठवतात.
म्हणजे देशाच्या सुखदुःखात मी आहे. तिला आत्ताच नाही कळायचं. आठवीत आहे.

१५ जानेवारी
गरम रश्शातलं ओदेन खायला गेलो, तिथे दुकानात दोन मुलींनी ओळखलं. सेल्फी. म्हणाल्या, "काका, जरा रडा ना." मी रुबाबदार स्मित दिलं. त्यांनी फोटो तिथल्या तिथे उडवला. उजेड बरोबर नसणार.

२ फेब्रुवारी
फॉलोअर आता आमच्या कॅप्टनपेक्षा जास्त. बचावफळीवर अभ्यासपूर्ण व्हिडिओ टाकला, चाळीस मिनिटांचा. कॉमेंट एकच: "रडणार कधी?" हळूहळू गोडी लागेल.

११ फेब्रुवारी
क्लबच्या होन्मा-सानांचा फोन. "स्टेडियमवर तुमची गरज आहे." कोचपदच. बायकोला म्हटलं, चिझुरु, आता मी घरी दिसायचो नाही. ती म्हणाली, "कशासाठी ते विचारलंत का?" अशा गोष्टी विचारायच्या नसतात. नवी शिट्टी घेतली.

१४ फेब्रुवारी
विचारलं. आमचा तरुण स्ट्रायकर जर्मनीला चाललाय. त्याच्या निरोपाला मी मोठ्या पडद्यावर रडायचं. होन्मा-सान म्हणाले, "तुमच्यासारखं कुणालाच जमत नाही हो." खरंय. कोचपदाची ही पहिली पायरी.

२० फेब्रुवारी
आरशासमोर सराव. वडिलांना आठवून पाहिलं. कांदे चिरले. डोळे लाल, पाणी नाही. चिझुरु म्हणाली, "चिरलेच आहेत तर सूपही टाका." फॉर्म येतो-जातो. मोठ्या सामन्यात माझा खेळ नेहमीच उंचावतो.

१ मार्च
स्टेडियम खचाखच. कॅमेरा माझ्यावर. सगळं स्टेडियम माझं नाव घेऊन ओरडत होतं, रड, रड. चौदा वर्षांत माझ्या नावाने कुणी शिट्टीसुद्धा मारली नव्हती. इतका आनंद झाला की हसू फुटलं. आवरेचना. पडद्यावर माझी बत्तीशी, बसएवढी. होन्मा-सानांनी कॅमेरा वळवायची खूण केली.
परतताना चिझुरु गाडी चालवत होती. मागून कोतोहा म्हणाली, "बाबा, आता सगळे त्या स्ट्रायकरच्या आजीचा फोटो पाठवतायत. काय रडलीये."
सिग्नलला मला भरून आलं. नाक, तोंड, सगळं हुबेहूब. उलट डिसेंबरपेक्षा सरस. म्हटलं, कोतोहा, लवकर, रेकॉर्ड कर.
ती म्हणाली, "नको ना बाबा."
चिझुरुने टिश्यूचा डबा माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाली, "पुसा आधी. सीटवर गळतंय."