येळवशीला बंद राहिलेलं गेट

दादा, उदगीरच्या धान्याच्या मोंढ्यात तुम्ही फाटकावर राखणदार होतात तेव्हा कुलूप लावण्याआधी तीनदा हाक मारायचात, "आत कोन हाय का?" हमाल थट्टा करायचे, दादा पोत्यांशी बोलायलेत म्हणायचे. एका येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतावर जायच्या घाईत मी, तुमच्या थोरल्या पोराने, हाक न मारताच कुलूप ठोकलं आणि पोत्यांच्या थप्पीआड झोपलेला एक म्हातारा हमाल आतच राहिला. तुम्ही माझ्या पाठीत धपाटा घातलात. "कुलपाला काय कळतंय आत कोन हाय ते? ते आपुन इचारायचं असतंय."

मी आता आपोआप उघडणारी गेटं बसवतो. लातुरात आमच्या सोसायटीचंही मीच बसवलं. पेटीत वेळा भरल्या की सकाळी उघडतं, रात्री बंद होतं, माणूस लागत नाही. सुट्टीची तारीख वेगळी भरता येते. येळवशीला अख्खं लातूर शेतावर जेवायला जातं, वॉचमनसुद्धा. मागच्या येळवशीला रिकाम्या घरांत चोरी झाली, म्हणून यंदा सगळ्यांनी ठरवलं आणि मी पंचांग बघून तारीख भरली. दहा ते पाच गेट बंद, रिमोटही चालणार नाही. हाताने उघडायची एकच किल्ली, ती माझ्या खिशात.

मी सकाळीच शेतावर गेलो, आई मागून धाकट्या भावाच्या जीपमधून येणार होती. तो एकटाच आला. "गुडघं लई दुखायलेत म्हणली, न्हाई येत, घरीच हाय." तेव्हाच मला गेट आठवायला हवं होतं. मी येळवशीची मिसळभाज्यांची भज्जी वाढून घेतली, वर आंबील प्यायलो. मग आईचा फोन आला, शब्द बोबडे. "हात उचलंना रे." मी लगेच अँब्युलन्स पाठवली. थोड्या वेळाने ड्रायव्हरचा फोन. "साहेब, गेट उघडंना. किल्ली कुनाकडं हाय?" भिंतीवर काचा आहेत, त्याही चोरीनंतर मीच लावायला सांगितल्या होत्या. मी गाडी कशी हाणली मला माहीत नाही, तरी पाऊण तास लागला.

आता दवाखान्यातल्या बाकावर बसून तुम्हाला लिहितोय. तिची उजवी बाजू गेली, वाचा गेली. थोडं आधी आणलं असतं तर, एवढंच डॉक्टर म्हणाले आणि पुढे गेले. दादा, माझा जीव थाऱ्यावर नाही. पुन्हा एक धपाटा घाला, पण काय करू ते सांगा. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, ही कागदाची घडी कुठे पाठवायची तेही मला माहीत नाही.

उशीर का झाला, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, लाईट गेली होती, गेट अडकलं. धाकट्यालाही तेच सांगितलं. आई जागी होती, सगळं ऐकत माझ्याकडेच बघत होती. त्या दिवशी मी घरात शिरलो तेव्हा तिच्यासमोर टीव्ही चालू होता, आणि तो मीच बंद केला.